काकूच्या दोन काठ्या

नायमेखन, नेदरलँड्स

ती. अण्णाकाकांस,


काकूने नवी काठी दाराआड उभी करून ठेवली आणि सोसायटीतलं फिरणं बंद केलं, हे काल फोनवर कळलं. तिचा राग समजण्यासारखा आहे. एका हातात काठी आली की माणूस तिच्यावर रेलतो, आणि काकूच्या पार्किन्सनमध्ये तर पाठीला आधीच बाक येतो, पाऊल आखूड पडतं, चालताना हात झुलायचे थांबतात.

पण एकीऐवजी दोन काठ्या घेतल्या तर? इथल्या जंगलवाटांवर माणसं दोन काठ्या घेऊन चालतात, तरुणसुद्धा. ही चाल मूळची फिनलंडची. तिथले स्की खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना नुसत्या काठ्या घेऊन सराव करायचे. १९९७ मध्ये खास चालण्यासाठीच्या काठ्या बाजारात आल्या. या काठ्या टेकू म्हणून वापरायच्या नसतात. त्या पुढे न रोवता तिरप्या मागे टेकवायच्या आणि जमीन मागे रेटायची. डाव्या पायाबरोबर उजवा हात, उजव्याबरोबर डावा. रेटताना छाती आपोआप वर येते, हात झुलू लागतात, पाऊल लांब पडतं. शिवाय टक-टक असा ठेका मिळतो. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन कमी पडल्याने आपसूक चालणं बिघडतं, तेव्हा असा बाहेरचा ठेका पायांना खूप मदत करतो.

हे नुसतं ऐकीव नाही. २००८ मध्ये इथल्या संशोधकांनी १९ रुग्णांना सहा आठवडे असं चालवलं. त्यांची चाल सुधारली आणि पाच महिन्यांनंतरही टिकून होती. जर्मनीत ९० रुग्णांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. त्यात नुसतं चालणाऱ्यांनाही फायदा झाला, पण काठ्या घेणाऱ्यांची पावलं जास्त लांब पडली, तोलही जास्त सुधारला. आजार बरा होत नाही, हे मात्र काकूपासून लपवू नका.

काकूची उंची १५२ सेंटीमीटर. उंचीला ०.६८ ने गुणायचं, म्हणजे काठी साधारण १०० ते १०५ सेंटीमीटरची हवी. धरल्यावर कोपर काटकोनात आलं पाहिजे. डांबरी रस्त्यासाठी टोकाला रबर हवंच. पहिले काही दिवस काठ्या टेकवायच्याच नाहीत, नुसत्या मागे फरफटू द्यायच्या, हात सैल सोडून.

एक काळजी आहे. दारात किंवा वळताना काकूचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, असं तुम्ही म्हणालात. अशा वेळी काठ्या सांभाळणं हे आणखी एक ओझं होऊ शकतं. म्हणून सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा आणि गोळीचा असर चांगला असेल तेव्हाच बाहेर पडा.

आणि काका, तुम्ही तिच्या शेजारून चाला, पण चालताना तिच्याशी बोलू नका. बोलता बोलता तिची पावलं चुकतात. गप्पा बाकावर बसल्यावर.

तुमची,
मनू