कांद्याच्या पैशाचा मीडिया

पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे

चि. भाच्यास,


"मामा, काही विकू नको, हवं तर मी पैसे पाठवतो," हा तुझा मेसेज मिळाला. पैसे तुझ्याजवळच ठेव. आखेनमध्ये संध्याकाळी हॉटेलात ताटं उचलून कमावलेल्या युरोंवर मामानं व्हिडिओ गेम सांभाळावेत, एवढी वेळ आलेली नाही. पण विकतोय ते काय, ठेवतोय ते काय, आणि त्या पिवळ्या कॅसेटच्या पाठीवर तुझ्या आईचं अक्षर कुठून आलं, हे तू दोनदा विचारलंस. फोनवर ते सांगून होत नाही. तू घाईत असतोस आणि इकडे आमच्या छोट्या बाईसाहेब रडत असतात.

गोष्ट १९९८ ची. त्या साली पावसानं खरिपाचा कांदा सडवला आणि दिवाळीच्या सुमाराला देशभर कांद्याचा भाव आभाळाला भिडला. दिल्लीतलं सरकार कांद्यानं पाडलं, असं अजूनही म्हणतात. तुझ्या आबांच्या चाळीत मात्र उन्हाळ कांदा शिल्लक होता. एरवी ते गणपतीच्या आधीच चाळ रिकामी करत. त्या साली का थांबले, यावर घरात दोन मतं होती. आबा म्हणत, मला अंदाज होता. आजी म्हणायची, ट्रॅक्टरवाला आला नाही.

तो कांदा विकून पट्टी हातात पडली तशी आबा एसटीनं धुळ्याला गेले. आणायचा होता मोटरीचा स्टार्टर. आग्रा रोडवरून स्टार्टर आणलाच, आणि दुसऱ्या पिशवीत एक खोकं. आजीनं विचारलं, "हाई काय शे?" आबांनी उत्तर दिलं नाही, चप्पल काढून सरळ मोरीत पाय धुवायला गेले. खोक्यात 'मीडिया'चा सेट होता: दोन रिमोट, एक बंदूक, आणि पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९९९९ इन १ असं छापलेलं. नव्याण्णव लाखांच्या वर गेम! तुझी आई तेव्हा नववीत. वहीत यादी करायला बसली आणि थोड्याच वेळात यादी संपली. तेच मारिओ, तेच कॉन्ट्रा, तेच बदकांचं. फक्त कुठं दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठं जास्त लाईफ, आणि आकडा पुढं सरकलेला.

तो सेट म्हणजे निन्टेंडोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. जपानातल्या मुलांच्या हातात होतं ते आपल्यापर्यंत पंधरा वर्षांनी, तेही नकलेच्या वाटेनं आलं. आम्हाला कोण असली, कोण नकली, याची पत्रास नव्हती. बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाणं टाकून 'मुस्तफा' खेळणाऱ्या पोरांना त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' आहे, हे तरी कुठं ठाऊक होतं!

आता अक्षराचं. कॉन्ट्रात तीन लाईफ मिळायचे. लाईट गेली की खेळ पहिल्यापासून, कारण सेव्ह वगैरे भानगड नव्हती. आणि लाईट तर तुला माहीतच आहे, आपल्या भागात ती पाहुणी. तुझ्या आईच्या वर्गातल्या एका मुलीचा भाऊ सुरतेला असायचा. त्यानं सांगितलेली युक्ती तिच्याकडून आली: सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. दोघं खेळणार असाल तर मग सिलेक्ट, नंतर स्टार्ट. तीस लाईफ! वहीत लिहिलं तर वही रद्दीत जाईल म्हणून ताईनं, म्हणजे तुझ्या आईनं, कॅसेटच्या पाठीवर हँसाप्लास्टची पट्टी चिकटवली आणि बॉलपेननं बाण काढले. खाली लिहिलं, "३० लाईफ. दादाला सांगू नये." दादा म्हणजे मी. मला ते कॅसेट उलटली की दिसतं, हे तिच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल. तिचं काही सांगता येत नाही.

बंदुकीचं वेड आबांना. बदक सुटलं की कुत्रा झुडपातून डोकं काढून हसतो, त्याचा त्यांना खराखुरा राग यायचा. "हाई कुत्रं काब्रं हासस?" म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे.

पुढं पुण्याला नोकरीला असताना मला जमवायचा नाद लागला, तो तू लहानपणापासून पाहिलाच आहेस. रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून खोकी उपसायची. खरा जपानी फॅमिकॉम, गेम बॉय, पहिला प्लेस्टेशन, शॉ वॉलेसनं भारतात आणलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह. हो, तीच दारूवाली शॉ वॉलेस. इथं परत येऊन दुकान टाकलं तेव्हा हे सगळं माळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं.

विकायचं कसं ठरलं ते ऐक. तुझ्या मामीनं "विका" म्हटलं असतं तर मी भांडून ठेवलं असतं. ती तसं काही म्हणालीच नाही. पोरगी धरून उभी राहायला लागली, तेव्हा एवढंच म्हणाली की तो डबा टीव्ही तेवढा हलवा. बरोबर होतं तिचं. काचेच्या नळीच्या टीव्हीचं सगळं वजन पुढं असतं. पोरानं स्टँड ओढला तर तो तोंडावरच येतो. पण टीव्ही गेला तर बंदूक मेली. चाप दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तरच बंदूक नेम लागला असं मानते. म्हणून तर आम्ही तिला बल्बवर रोखून फसवू शकलो नाही. एलईडी टीव्ही चित्र काढायला किंचित उशीर करतो, तोवर बंदुकीची पाहण्याची वेळ निघून गेलेली असते.

त्या निमित्तानं सगळा माळा खाली काढला. गेम बॉय सोडला, तर चालू स्थितीत किती निघालं म्हणशील? जवळजवळ काहीच नाही. प्लास्टिक पिवळं पडलंय, सीडींना पावसाळ्यानं बुरशी आणलीय, कॅपॅसिटर फुगलेत. पोरीसाठी राखून ठेवतोय, असं मी लोकांना सांगत होतो. ती सात वर्षांची होईपर्यंत यातलं काय जिवंत राहील? आणि तिला ते का आवडावं? तिच्या नावावर मी माझाच हट्ट जपत होतो.

पुण्यातल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्यानं जपानी सेट, सेगा, गेम बॉय, प्लेस्टेशन लगेच मागितले. दुरुस्त करून वापरणार म्हणाला. किंमत बरी सांगितली, पण भलत्या कल्पना करू नकोस. २०२१ साली अमेरिकेत सुपर मारिओची एक न उघडलेली कॅसेट २० लाख डॉलरला गेली, ती बातमी तूच पाठवली होतीस. तसलं आपल्याकडे काही नाही. मीडियाचा सेट आणि पिवळी कॅसेट यांच्याबद्दल त्यानं विचारलंसुद्धा नाही. नकलेची नक्कल, तीही पट्टी चिकटवलेली, कोण घेणार? म्हणजे ज्याला भाव आहे त्यात आपल्या घरातलं कुणीच नाही, आणि ज्यात आहेत त्याला भाव नाही. माझं ठरवण्याचं काम त्या माणसानंच करून टाकलं. पैसे पोरीच्या सुकन्या समृद्धीच्या खात्यात जातील. पोस्टात खातं उघडलंय. पंधरा वर्षं भरायचं आणि एकवीस वर्षांनी मिळतं.

टीव्ही आणि मीडिया दुकानाच्या मागच्या खोलीत, खाली फरशीवर ठेवलाय. कॅसेटचं मात्र मी परस्पर ठरवू शकलो नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, "शेताचं हक्कसोड लिहून दिलंय, कॅसेटचं नाही." तेव्हा कॅसेट धुळ्याला तिच्याकडे गेली. सेट इथं, कॅसेट तिथं. आता खेळायचं तर तिला माहेरी यावं लागेल, हे तिला कळलंय की नाही कोण जाणे.

तो माणूस येत्या रविवारी सामान न्यायला येतोय. गेम बॉय यादीत आहे, आत टेट्रिस आहे, चालतो. तुला हवा असेल तर यादीतून काढतो; चार पेन्सिल सेल घातले की बसमध्ये जाता-येता खेळता येईल. शनिवारपर्यंत कळव.

तुझा मामा