कोन, छर्रे, ग्रीस

१. पावसाळा सरला की वर्ध्यातल्या सायकल दुकानांपुढे उलट्या टेकवलेल्या सायकली दिसतात. शेतातली काळी माती पार हबात शिरलेली.

२. सुटे छर्रे: पुढच्या चाकात ३/१६ इंची, एका बाजूला दहा. मागच्यात पाव इंची, नऊ. उघडण्याआधी खाली फडकं अंथरावं.

३. आर्वी नाक्यावर एक मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत होता, "छर्रे नवे टाकून काय होते भाऊ, कोन त खाल्लेला हाये."

४. कोन म्हणजे आसावरचा शंकू, छर्रे त्यावरच फिरतात. तो खाल्लेला आहे हे नुसत्या डोळ्यांनी नेहमी कळत नाही. रॉकेलने धुऊन कोरडा पुसायचा आणि छर्रे फिरतात त्या पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक हलकेच फिरवायचं. टोक अडखळलं तिथे खड्डा. मग कितीही ग्रीस भरा, चाक पुन्हा खडखडणारच. बॉलपेनच्या टोकातही छर्राच असतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

५. बदलायचे तर त्या बाजूचे सगळे छर्रे बदलावेत. झिजलेल्या आठांत एकच नवा घातला तर तो केसभर मोठा भरतो आणि सगळा भार एकटा घेतो.

६. पॅरिसचा सायकल कारागीर ज्यूल सुरिरे याने बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं १८६९ मध्ये. गांधीजींचा जन्मही त्याच सालचा.

७. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटींत हेही होतं: निगा राखल्यास यंत्र वीस वर्षं चालावं, वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. सायकलींनाही ही अट हवी.

८. मगन संग्रहालय, मगनवाडी. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलं. तिथल्या कुठल्याही फिरत्या अवजारापाशी मी आधी आस कशावर टेकलाय ते बघतो.

९. सीलबंद बेअरिंग घ्यावं का? चिखलातून रोज पवनार-वर्धा करणाऱ्याने जरूर घ्यावं. पण वेगासाठी नको. सायकलीला मागे ओढतात ते वारा आणि टायर. बेअरिंगचा वाटा अगदी थोडा. टायरमध्ये पुरेशी हवा भरली तर जास्त फरक पडतो. सिरॅमिकचे छर्रे शर्यतवाल्यांसाठी.

१०. हबावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. ग्रीस बाहेर, पाणी आत.

११. कोन कसल्यावर चाक अधांतरी धरून सोडावं. जड बाजू आपोआप खाली येऊन, झुलून थांबली पाहिजे. मग रिम धरून आडवी हलवायची, खडखड नको. लॉकनट आवळताना कोनही फिरतो, म्हणून तो पातळ पान्याने धरून ठेवायचा.

१२. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. सोबत पातळ पानाही द्यावा, आणि कोन कसायला शाळेतच शिकवावं.