वार्धक्यांतील डोळ्यांचें पाणी

उतारवयांत डोळे पाझरूं लागतात त्याचें कारण पुष्कळदां कोरडेपणाच असतो, हें प्रथम ऐकतांना चमत्कारिक वाटतें. वरच्या पापणीआड, भुंवईच्या बाहेरच्या टोंकाखालीं, बदामाएवढी अश्रुग्रंथि असते. वयोमानानें तिच्या पेशी झिजतात, त्यांच्या जागीं निबर तंतु येतात, नलिका आकसतात. पापण्यांच्या कांठच्या तेलाच्या ग्रंथीहि मंदावतात. मग असलेलें पाणीहि लवकर सुकतें. कोरडा डोळा चुरचुरला कीं लोंढा येतो, आणि सैल पडलेली खालची पापणी त्याला नाकाच्या वाटेनें नीट वाहूं देत नाहीं.

पण पदरानें डोळे टिपणारी सासू दिसली, कीं आल्यागेल्याची नजर वळते सुनेकडे! आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. शिर्मर या जर्मन नेत्रवैद्यानें १९०३ सालीं सुचविलेली टीपकागदाची पट्टी डॉक्टरांनीं त्यांच्या पापणींत अडकविली. ५ मिनिटांत ५ मिलिमीटरहि न भिजल्यास अश्रु उणे समजतात. सासूबाईंची पट्टी ३ मिलिमीटरच भिजली. आतां दिवसांतून चार वेळां मीच थेंब घालतें. परवां ते गालावर ओघळत असतांनाच नणंदबाई आल्या, नि त्यांनीं विचारलेंच, "आई, कोणी कांहीं बोललें का ग तुला?"