दार उघडं असताना

नंदनवन, हसनबाग, वाठोडा या पूर्व नागपूरच्या वस्त्यांत घरातलं कुणी गंभीर आजारी पडलं की माणसं आधी मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, गाठतात. रात्री अकरानंतर अशा कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंज्या पसरून नातेवाईक पडलेले असतात. उशाशी डब्याची पिशवी, पाण्याची बाटली, एक्स-रेचा मोठा लिफाफा. झोप कुणालाच नसते. हातात फोन असतो, आवाज बंद असतो, आणि अंगठा खालून वर सरकत राहतो. लग्नातला नाच, क्रिकेटमधला षटकार, कढईत पडणारे भजे, कुणाचं तरी मांजर, पुन्हा नाच. या माणसांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. आत नाकात नळी घालून जो पडला आहे त्याच्यासाठी आत्ता करण्यासारखं काही उरलेलं नसतं, मोठे डॉक्टर सकाळी येणार असतात, आणि मधली रात्र तर ढकलायची असते. फोन ती ढकलून देतो. माझा प्रश्न वेगळा आहे. ख्रिस्ती माणूस ज्याला आनंद म्हणतो, आणि जो दुःखातही मिळतो असा त्याचा दावा असतो, तो या व्हरांड्यात शक्य आहे का? असलाच, तर तो या अंगठ्याखालच्या विसरापेक्षा वेगळा आहे हे कशावरून मानायचं?

विसराची ओढ फोननं निर्माण केलेली नाही, हे आधी मान्य करू. सतराव्या शतकात फ्रेंच विचारवंत पास्कालनं लिहून ठेवलं की माणसाला आपल्या खोलीत गुपचूप बसवत नाही, आणि त्याची पुष्कळशी दुःखं तिथूनच निघतात. त्याच्या काळी विरंगुळा म्हणजे शिकार, जुगार, नाच, दरबार. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगानं तपासली. माणसाला पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवायचं, करायला काही द्यायचं नाही, फक्त एक बटण ठेवायचं, जे दाबलं की स्वतःलाच विजेचा झटका बसतो. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असं आधी सांगितलेल्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. मनात जे येतं त्याच्यासोबत नुसतं बसण्यापेक्षा त्यांना वेदना परवडली. ही माणसं आजारी नव्हती, त्यांचं कुणी आत निजलेलं नव्हतं. मग व्हरांड्यातल्या माणसाची काय कथा! २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञानं पडद्यावरचा मजकूर संपूच नये अशी सोय बांधली आणि पास्कालच्या शिकारीला जो शेवट असायचा तोही गेला. दरबार पहाटे उठत असे, फोन उठत नाही.

इथे एक आक्षेप लगेच येतो, आणि तो खरा आहे. लक्ष दुसरीकडे वळवल्यानं वेदना खरोखर कमी होते. भाजलेल्या रुग्णांची पट्टी बदलताना त्यांना आभासी जगातला बर्फाळ खेळ खेळायला देतात, आणि त्यांना दुखणं कमी जाणवतं, असं वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. कोणताही शहाणा पाळक या रुग्णाच्या हातून खेळ काढून घेऊन त्याला स्तोत्रं वाचायला देणार नाही, देऊ नये. पण पट्टी वीस मिनिटांत बदलून होते. किडनीचं डायलिसिस वर्षानुवर्षं चालतं, मुलाचं जाणं जन्मभर पुरतं, आणि कर्जाची रात्र दर महिन्याला नव्यानं येते. त्या लांबच्या दुःखात विसर एक वेगळीच किंमत वसूल करतो. दोन तास रील पाहून डोळे मिटले की दुःख आहे तिथेच असतं, आणि त्याविषयी कुणाला सांगावं असं काहीही आपल्या हाती नवं आलेलं नसतं. व्हरांड्यात शेजारीशेजारी पडलेल्या दोन माणसांची एकच कहाणी असू शकते, पण दोघांच्या हातांत दोन पडदे असले तर ती कहाणी जुळत नाही.

आता ज्या प्रसंगावर ख्रिस्ती लोक आनंदाचा सगळा भार टाकतात तो पाहू. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहरात पकडले जातात. त्यांना उघडं करून छड्यांनी मारलं जातं, आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले जातात. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करतात, गातात. उपदेशात हा प्रसंग आला की बहुधा गाण्यापाशी थांबतात, भूकंपापाशी टाळ्या पडतात, आणि पुढचं घाईत उरकतं. खरं महत्त्वाचं पुढेच आहे. भूकंपानं तुरुंगाची दारं उघडतात, सगळ्यांच्या बेड्या सुटतात, आणि कुणीही पळत नाही. तुरुंगाधिकारी दारं उघडी पाहून स्वतःचा जीव घ्यायला तलवार उपसतो, कारण कैदी पळाले तर त्याचा जीव जाणार हे त्याला पक्कं ठाऊक. तेव्हा आतल्या अंधारातून पौलच ओरडून त्याला थांबवतो. सुटकेची वाट समोर मोकळी असताना तो माणूस तिथेच राहिला, कारण बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका माणसाचा जीव त्याच्या राहण्यावर अवलंबून होता. त्याच रात्री तो अधिकारी त्यांच्या जखमा धुतो आणि घरी नेऊन जेवू घालतो. गाण्याचा हेतू विसर पाडणं हा असता तर दार उघडल्यावर गाण्याचं काम संपलं असतं. हा ग्रंथ लिहिणाऱ्या लूकनं आणखी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. ते गात होते तेव्हा बाकीचे कैदी ऐकत होते. फोनवरचं गाणं कानात खुपसलेल्या बोंडांपलीकडे जात नाही. कोठडीतलं गाणं भिंतीपलीकडच्यांनाही वाटून घेता आलं.

पण या गाण्याआधी एक पायरी आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांनी ती गाळून टाकली आहे. ती म्हणजे तक्रार. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. बायबलमधलाच ईयोब देवाशी अध्यायामागून अध्याय भांडतो, आणि ग्रंथाच्या शेवटी देव ठपका ठेवतो तो त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर. येशूनं वधस्तंभावरून जो टाहो फोडला तोही एका विलापस्तोत्राचाच आरंभ आहे. मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. नंदनवनात ज्यांच्या नावाचा चौक आहे ते संताजी जगनाडे तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे. त्या तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं होतं, आणि विठ्ठलाशी ते किती भांडले हे गाथा उघडली की कळतं. कवी नारायण वामन टिळक काही काळ याच नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या पुलाचा एक दगड तरी देवाशी भांडण्याच्या हक्काचा असणार, असं मला वाटतं.

म्हणून मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर चिकटवून येणाऱ्या वचनांबद्दल मला शंका आहे. कुणाची केमोथेरपी सुरू आहे, कुणाच्या मुलीचा घटस्फोट होतो आहे, आणि सगळ्यांना एकच चमचमतं वचन, सर्वदा आनंद करण्याचं. रीलनं दुःखावर नाच पसरला, इथे गुलाब पसरला. दोन्हीकडे दुःखाचं नाव घ्यायचं टाळलेलंच असतं. त्यातही रील निदान धर्माच्या नावावर काही खपवत नाही.

इथून पुढचा आक्षेप अधिक धारदार आहे. धर्मच मुळात मोठा विरंगुळा नाही का? मार्क्सनं १८४४ मध्ये धर्माला अफू म्हटलं, आणि त्याच परिच्छेदात तो पिचलेल्या जिवाचा उसासा आहे, निषेधही आहे, हे कबूल केलं. वाचणाऱ्यांनी अफू तेवढी लक्षात ठेवली. तरी आक्षेप त्यानं संपत नाही. दुःखात आनंद माना, असं मालकानं मजुराला, सासूनं सुनेला, सवर्णानं दलिताला सांगितलं की तो शुद्ध जुलूम होतो, आणि ख्रिस्ती व्यासपीठांवरूनही तो झालेला आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी सोसण्याचा धर्म सोडून बुद्धाचा मार्ग धरला, त्या नागपुरात तरी ही गोष्ट झाकता येणार नाही. बुद्धाचं पहिलं सत्य दुःखाला नाव देण्यापासूनच सुरू होतं, आणि त्या बाबतीत दीक्षाभूमीवर जमणारा माणूस गुलाबवाल्या ख्रिस्ती माणसापेक्षा खऱ्याच्या जवळ उभा आहे.

याला उत्तर वादातून मिळण्यापेक्षा ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून मिळतं. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, नवरा गेला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी. मुलीच्या वयात उपास काढलेली ही बाई तेव्हा पुण्यात सुखानं राहू शकली असती. ती उठून दुष्काळी मुलखात गेली आणि उपाशी, बेवारस मुली आणि विधवा गोळा करून, शेकड्यांनी, आपल्या आश्रमात घेऊन आली. केडगावचं मुक्ती सदन त्या वर्षांत वाढलं. ज्या भुकेनं तिचं घर खाल्लं तिच्याचकडे ती पाठ न फिरवता परत गेली. अफू घेतलेला माणूस असं करत नाही. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली, तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचं काम रमाबाईंनी १९२२ मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. हे सोसणं कुणी त्यांच्यावर लादलेलं नव्हतं. ज्यानं स्वतः सोसलं त्यालाच आनंदाविषयी बोलण्याचा अधिकार आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडून त्याला आनंदी राहायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

वेदना कमी करायला ख्रिस्ती धर्माची हरकत असती तर मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं नसतं. शुभवर्तमानात आराम नाकारणं आणि घेणं, दोन्ही आहे. खिळे ठोकण्याआधी येशूला बोळ मिसळलेला, गुंगी आणणारा द्राक्षारस दिला गेला, तो त्यानं नाकारला. शेवटी तहान लागली तेव्हा आंबट द्राक्षारस मात्र त्यानं घेतला. त्याआदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं शिष्यांकडे एकच मागणं केलं होतं, जागं राहण्याचं. ते झोपले, आणि लूक लिहितो की दुःखामुळे झोपले. फोनच्या फार आधी पळून जाण्याचा हाच मार्ग होता, आणि येशूनं त्यांना झिडकारलं नाही, पुन्हा पुन्हा येऊन उठवलं.

राहिला शेवटचा आक्षेप. आनंद हुकमानं येत नाही, मग ज्याला तो येत नाही त्यानं काय करावं? नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या आठवणींचं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला यातलं थोडं कळतं. नवरा धर्मांतर करून गेला, लहान मुलाला घेऊन बाई नातेवाइकांत दिवस काढते आहे, आणि वाचणारा मात्र पानोपानी हसतो आहे. हे हसू दुःख लपवत नाही. ते नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला आणि स्वतःच्या भाबडेपणाला नावानिशी पुढे करतं. लक्ष्मीबाईंना मुळात लिहितावाचता येत नव्हतं, ते त्या लग्नानंतर शिकल्या, आणि साठी ओलांडल्यावर हे पुस्तक छापून आलं. असा आनंद आठवणींची इतकी वर्षं घेतो. रात्री अकराला व्हरांड्यात तो मागून मिळत नाही.

तिथे काय मिळू शकतं, ते फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातून दिसतं. आनंदाचं पत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि पौलानं ते कैदेतून लिहिलं. त्या काळी कैद्याचं अन्न बहुधा बाहेरच्या माणसांना पोचवावं लागे. फिलिप्पैच्या मंडळीनं वर्गणी काढली आणि एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती ती पाठवली. तो माणूस पौलाकडे येऊन मरणाच्या दारात जाईल इतका आजारी पडला. पौल सरळ लिहितो की देवानं त्याला वाचवलं, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंदाच्या पत्रातच दुःखाची कबुली आहे, आणि ते पत्र एका अर्थानं पोचपावती आहे, मिळालेल्या पैशांची आणि वाचलेल्या माणसाची. आनंदाची आज्ञा त्यात पुष्कळदा येते, पण ती एकट्या कैद्याला दिलेली नाही. ती ज्यांनी डबा पाठवला त्या सगळ्यांना एकत्र दिलेली आहे. मंडळीतला कुणी रात्री दहाला येऊन रुग्णाच्या बायकोला म्हणाला की वहिनी, तुम्ही घरी जाऊन झोपा, सकाळपर्यंत मी आहे, तर त्या सतरंजीवर त्यालाही पहाटे तीनला फोन काढावासा वाटेल. तो त्यानं काढला तरी बिघडत नाही. तो तिथे आहे, आणि वहिनी घरी झोपल्या आहेत.