रान बघून टायर घ्यावे

अंबाजोगाईला लोक योगेश्वरीच्या दर्शनाला जातात. माझ्यासारखे मराठी शिकविणारे लोक तेथे मुकुंदराजांच्या समाधीपाशीही घटकाभर टेकतात. परळीला वैद्यनाथ आहे. या दोन मोठ्या नावांच्या शेजारी वसलेल्या घाटनांदुराला मात्र मुद्दाम पाहायला म्हणून कोणी येत नाही. परळीहून लातूररोडकडे जाणारी गाडी येथे थांबते, चार गाठोडी उतरतात, चार चढतात आणि स्टेशन पुन्हा शांत होते. माझी सासुरवाडी येथली, म्हणून माझे जाणे होते. अनेक वर्षांच्या येण्याजाण्यानंतर माझे मत असे झाले आहे की या गावात पाहण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पायाखालची जमीन.

बालाघाटच्या डोंगररांगांतली ही काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाचे पाणी प्यायली की ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग जो तिच्यावर पाय ठेवील त्याला ती सोडीत नाही. चपलेला शेर शेर चिखल घेऊन माणूस चालतो. चाकाची तर गोष्टच वेगळी. ही माती चाकाला चिकटते, चाकाबरोबर वर येते, मडगार्डात ठासून बसते, आणि शेवटी चाक फिरेनासे होते.

माझे मेहुणे शेतवस्तीवर राहतात. त्यांच्याकडे शंभर सी.सी.ची एक मोटरसायकल आहे. तिने विशी केव्हाच ओलांडली. दुधाच्या कॅना, खताचे पोते, शाळेची पोरे आणि प्रसंगी पाव्हणे असे सगळे ओझे तिने वाहिले आहे. गेल्या दिवाळीच्या आधी तिचे टायर बदलावयाचे होते. दुकानातून फोटो मागवून त्यातला दिसायला सुरेख असा एक मी सुचविला. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दाजी, गाडी बघून टायर घ्यायचं नसतंय. रान बघून घ्यायचं असतंय."

त्यांचे म्हणणे मी समजून घेतले, ते येथे सांगतो. डांबरी सडकेच्या टायरवर बारीक, जवळजवळच्या खाचा असतात. काळ्या चिखलात त्या पाच मिनिटांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. रानासाठी ठोकळे मोठे आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे चाक फिरताना अडकलेली माती आपोआप सुटून पडते. पण निव्वळ ठोकळ्यांचा टायर सडकेवर लवकर झिजतो आणि ब्रेक लावला तर तितकासा पकडत नाही. मेहुण्यांचा निम्मा प्रवास डांबरावरचा. म्हणून मागे मध्यम ठोकळ्यांचा आणि पुढे वाट न सोडणारा, उभ्या धारांचा टायर त्यांनी घेतला. गाडीच्या कंपनीने सांगितलेले माप बदलले नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर चार फुगीर चाकांच्या ज्या ए.टी.व्ही. भाड्याने मिळतात, त्यांचे शास्त्र उलटे आहे. त्यांच्या रुंद टायरांत हवा चारपाच पौंडच असते, त्यामुळे त्या वाळूवर जणू तरंगतात. आपल्या मोटरसायकलीचे अरुंद चाक मात्र वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचते. त्याच्यातली हवा फार उतरविली तर ट्यूब सरकून वॉल्व्ह फाटतो.

दोन गोष्टी दुकानातच पाहाव्या. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2324 असतील तर तो 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर नवे दिसले तरी कडक झालेले असते. दुसरी गोष्ट बाणाची. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने बसवावा. आणि नव्या टायरबरोबर नवी ट्यूब घ्यावी. बाभळीचे काटे काही कमी नाहीत.

आता चेनविषयी. मी 'साखळी' म्हटले की तिथला मेकॅनिक हसतो. हॅन्स रेनॉल्ड याने 1880 साली मँचेस्टरमध्ये या रोलरच्या चेनचे पेटंट घेतले. पण तिच्या देखभालीचे मर्म आपल्या बैलगाडीला फार आधी ठाऊक होते. लाकडी चाकाला लोखंडी धाव आणि आखाला वंगण ही गाडीवानाची नित्याची काळजी होती. चेनलाही वंगणच हवे; मात्र ते आत, पिनेपाशी पोचावयास हवे. बाहेरून जाड ग्रीस थापले तर त्यावर धूळ बसते आणि तेच मिश्रण घासकागदासारखे चेनला खाते.

मेहुणे दर पंधरा दिवसांनी, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला, चेनचे झाकण काढतात. डिझेलमध्ये बुडविलेल्या ब्रशाने ती धुतात, फडक्याने कोरडी करतात आणि खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने तेल सोडतात. हे काम गाडी फिरून आल्यावर संध्याकाळी, चेन कोमट असताना करतात. रात्रभर तेल आत मुरते. जास्तीचे सकाळी पुसून टाकतात.

मग ताण पाहावयाचा. खालच्या पट्टीच्या मध्यावर चेन वरखाली साधारण 25 मिलिमीटर हलावी. चाक फिरवून तीनचार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. फार ताणलेली चेन ओझे पडले की बेअरिंगचा जीव घेते. फार सैल झालेली उतरून चाकात अडकते. तिचे वयही मोजता येते. अर्धा इंची चेनच्या पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत नवेपणी 254 मिलिमीटर भरतात; 259 झाले की तिची सेवा संपली. तेव्हा दोन्ही दातेरी चाकेही बदलावी. झिजल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही.

हे सारे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवून करावयाचे. त्या वस्तीवरच्या एका दूधवाल्याच्या उजव्या हाताचे तर्जनीचे पेर नाही. चालू इंजिनवर फडके धरून चेन पुसताना ते गेले. तो प्रत्येक नव्या गाडीवाल्याला आपले बोट दाखवतो आणि काही बोलत नाही.

एवढी काळजी जुन्या गाडीची कशासाठी, असा प्रश्न शहरात बसून पडतो. गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री माझ्या सासूबाईंना दम लागला. वस्तीपासून डांबरापर्यंतची वाट चिखलाने भरलेली. जीप आत येईना. मेहुण्यांनी आईला मागे बसविले, तिच्यामागे मुलगा बसला आणि पहिल्या गिअरमध्ये ते निघाले. वाटेत दोनदा थांबून काडीने मडगार्डातली माती काढावी लागली. पण चाक फिरत राहिले आणि चेन तुटली नाही. जीप सडकेवर उभी होती. सासूबाई अंबाजोगाईच्या रुग्णालयात वेळेवर पोचल्या आणि आठ दिवसांनी घरी आल्या. परवा त्यांनीच मला पुरणपोळी वाढली.

दसरा झाला की याच रस्त्यांनी टायरच्या बैलगाड्या ऊसतोडीसाठी निघतात. त्यांवर भांडीकुंडी, शेळी, पोरेबाळे, सारा संसार असतो. निघण्याआधी प्रत्येक गाडीवान चाकाशी वाकून हाताने चाचपून पाहतो. आपणही दसऱ्याला आपल्या वाहनाची पूजा करतो; हँडलला झेंडूचा हार घालतो, गंध लावतो. वाचकहो, हार अवश्य घालावा. पण जरा खाली वाकून चेनलाही दोन थेंब तेल द्यावे.