मॉरिशसची दैनंदिनी : फ्लिक आँ फ्लाकचा रविवार

शनिवार, रात्र

पोर्ट लुईहून निघालेली बस उसाच्या रानांतून समुद्राकडे उतरली. इथला तोडीचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. त्यामुळे जुलैतल्या या दिवसांत काही शिवारं मोकळी दिसतात, तर काहींत ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला. पोचेपर्यंत अंधार पडला. खोली लहान पण स्वच्छ आहे. लाटांची गाज येते ती किनाऱ्यावरून नाही, दूर प्रवाळाच्या कड्यावरून. तिथेच लाटा फुटतात. बाकी उद्या.

रविवार

सकाळी साडेसहाला वाळूत पाय ठेवला. आपल्या कोकणात या दिवसांत समुद्राकडे पाहवत नाही, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि सगळे नारळी पौर्णिमेची वाट बघतात. इथे विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिवाळा चालू आहे. आग्नेयेकडून येणारे वारे बेटाच्या पूर्व किनाऱ्याला झोडपतात, मधले डोंगर ते अडवतात आणि हा पश्चिम किनारा निवांत राहतो. प्रवाळाच्या आतलं पाणी कंबरभर, तळ दिसेल इतकं नितळ. वाळू पांढरी, कारण ती प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. चालताना मात्र ती बोचते. पाण्यात उतरायचं तर रबरी बूट हवेत, तळाशी काटेरी जीव असतात.

तासभर पाण्यात पडून राहिलो. दक्षिणेला ल मोर्नचा काळा कातळ दिसत होता. गुलामीतून पळालेली माणसं त्या डोंगराच्या आसऱ्याला राहत. २००८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढ्या सुंदर पाण्यात पडून त्या कातळाकडे बघताना मन हलकं राहत नाही, आणि राहू नये असंच मला वाटतं.

नऊच्या सुमारास भूक लागली. सुरूच्या झाडांखाली ढोल पुरीची गाडी उभी होती. ढोल पुरी म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, बारीक करून, हळद-जिऱ्यासह पोटात भरलेली, हाताला रेशमासारखी लागणारी पातळ पोळी. विकणाऱ्या बाईंनी काचेच्या पेटीतल्या फडक्याच्या घडीतून दोन पुऱ्या ओढल्या, एकीवर एक सरकवून टाकल्या, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोची रुगाय आणि हिरव्या मिरचीची चटणी पसरली. मग एका हाताने गुंडाळी, दुसऱ्या हाताने कागद. ढोल पुरी जोडीनेच मिळते, एकटी कुणी मागत नाही. मी दुसरी जोडी घेतली तेव्हा बाई हसल्या आणि चटणी थोडी जास्त घातली.

दहानंतर किनारा भरू लागला. क्वात्र बोर्नकडून येणाऱ्या बसमधून माणसं उतरत होती. भाड्याच्या व्हॅनमधून अख्खी कुटुंबं येत होती आणि त्यांच्यासोबत फडक्यात बांधलेलं बिर्याणीचं पातेलं, सतरंज्या, बर्फाची पेटी, तान्ही मुलं, म्हातारी माणसं. सुरूंच्या दोन खोडांना चादर बांधून सावली केली की घर झालं. दक्षिणेला वोल्मारकडे मोठी हॉटेलं आहेत, खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या. तिथे शांतता आहे, पण मला विश्रांती दिसली ती या झाडांखाली.

ही जागा लोकांकडे उरली आहे त्यामागे एक जुना कायदा आहे. १८०७ साली, फ्रेंच अमदानीत, भरतीच्या रेषेपासून आत पन्नास भौमितिक पावलांची, म्हणजे ८१.२१ मीटरची पट्टी सरकारी म्हणून राखली गेली. ‘पा जेओमेट्रिक’ या नावाने ती आजही कायद्यात आहे. या पट्टीतल्या जमिनी हॉटेलांना आणि बंगल्यांना भाडेपट्ट्याने दिल्या जातात, पण भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची. हॉटेलासमोरूनही कुणीही चालत जाऊ शकतो. भाडेपट्टे वाढत गेले तर सार्वजनिक किनारा किती उरेल, ही इथल्या माणसांची काळजी खरी आहे. ‘आमचे किनारे चोरणं थांबवा’ असं थेट इथल्या क्रेओल बोलीतलं नाव घेतलेली एक चळवळही इथे उभी राहिली आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे.

दुपारी सावली शोधत एका सतरंजीच्या कडेला टेकलो. मी फोनवर घरी मराठीत बोलत होतो. सतरंजीवरच्या आजींनी मान वर केली.

“मुंबई?” त्यांनी विचारलं.

“रत्नागिरीकडचा, आजी.”

“आमची मानसं पन रत्नागिरीची. बसा. जेवा.”

त्यानंतर त्यांचे मराठी शब्द संपले आणि क्रेओल सुरू झाली. नात दुभाषी झाली. ती शाळेत मराठी शिकते आणि पुस्तकातली, शुद्ध मराठी बोलते. फ्लिक आँ फ्लाककडे येताना लागतं त्या कास्काव्हेल गावाकडची ही मंडळी. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा जाखडीही नाचतात, असं तिने सांगितलं. मी ताटातली बिर्याणी संपवली, आजींनी न विचारता पुन्हा वाढली.

आजींचे सासरे उसाच्या मळ्यात राबले होते, आणि त्यांच्याआधीच्या पिढ्याही. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर इथे आली, मुंबई बंदरातूनही आली. मळ्यावर ‘दुहेरी कपात’ चालायची. मजूर एक दिवस आला नाही तर दोन दिवसांची मजुरी जायची. आजारी पडणंसुद्धा त्या माणसांना परवडत नव्हतं. त्यांची पतवंडं आज पाण्याच्या काठाला दिवसभर काहीही न करता लोळतात, यापेक्षा चांगलं दृश्य मी या प्रवासात पाहिलेलं नाही.

चारच्या पुढे पलीकडच्या घोळक्यातल्या एकाने सुरूच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि रावान या तालवाद्याचं बकऱ्याचं कातडं जाळावर धरलं. चकतीसारखं रुंद वाद्य गोल फिरवायचं, बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा जाळावर. आवाज भरीव झाल्यावर सेगा, म्हणजे इथला गाण्यासोबतचा नाच, सुरू झाला. सेगा गुलामांनी जन्माला घातला. २०१४ साली युनेस्कोनेही पारंपरिक सेगाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. आज त्या तालावर आजींची नात नाचली, कास्काव्हेलच्या दोन काकू नाचल्या, बाजूच्या चिनी वंशाच्या कुटुंबातले आजोबाही नाचले. पाय वाळूतून फारसे उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे, हालचाल कमरेची.

सहाच्या आत सूर्य बुडाला. पातेली भरली गेली, कचरा पिशव्यांत गेला, शेवटच्या बससाठी धावपळ झाली.

उद्या सोमवारी पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे करारावरची ती माणसं उतरत ती जागा, बघायची आहे, त्याविषयी पुढच्या भागात. मॉरिशसला येणार असाल तर एक विनंती. सहलीच्या आखणीत रविवार मोकळा ठेवा, तो हॉटेलच्या आवारात घालवू नका. बसने सार्वजनिक किनाऱ्यावर या, ढोल पुरी खा आणि कुणी ‘बसा’ म्हणालं तर बसा.