नायकाच्या शेजारचा माणूस

सिनेमात कॅमेरा नायकाला मोठा करतो. खालून त्याच्याकडे बघतो, चेहऱ्याजवळ जातो, मागची फौज धूसर करून टाकतो. दोन-अडीच तासांत गोष्ट सांगायची तर त्याला तसं करावंच लागतं. माझ्या कामात प्रमाण आधी ठरतं आणि ते सगळ्यांना सारखं लागू होतं. एकास बत्तीस धरलं की पाच फूट आठ इंच उंचीचा माणूस ५४ मिलिमीटरचा होतो, मग तो सरदार असो, शिपाई असो की पालखीचा भोई. युद्धपट बघून सैनिकांच्या लहान फिगर्स घडवायचं हे काम मी आदिलाबादेत करतो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. सिनेमातून उभं राहण्याची तऱ्हा घ्यावी आणि ती नायकाच्या शेजारच्या माणसाला द्यावी.

मराठी घराला हा छंद परका नाही. दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरलं जातं, बुरुजांवर मातीचे मावळे बसतात. त्या किल्ल्यात महाराजांची मूर्ती मावळ्यांहून मोठी असते, कारण तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो. मोजमापाच्या फिगरचा हिशेब वेगळा. इंग्लंडमधल्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक बाजारात आणले आणि पुढे ५४ मिलिमीटर हे माप रूढ झालं. १९६० च्या दशकात जपानच्या तामियाने पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जे माप निघालं, त्यातून एकास पस्तीस रुळलं. या मापांचे जर्मन, अमेरिकन, ब्रिटिश सैनिक पेटीत तयार मिळतात. आपला भोई, आपला गोंड, कुमाऊँ रेजिमेंटचा जवान मिळणं कठीण. तो हातानेच घडवावा लागतो.

सुरुवात तांब्याच्या तारेपासून. जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगची तार पिळून सांगाडा करायचा आणि उभं राहणं तिथेच ठरवायचं. तार चुकीची वाकली असेल तर वर कितीही सुबक कपडे चढवले तरी माणूस उभा राहत नाही, टांगल्यासारखा दिसतो. त्यावर एम-सील. नळाच्या जोडाला लावतात तेच, दोन्ही भाग सारखे घेऊन मळायचे. आदिलाबादच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि ते बघता बघता कडक होतं, म्हणून तेव्हा वाटाण्याएवढंच मळावं. डिसेंबरात इथली थंडी कडक, तेव्हा तेच मिश्रण बराच वेळ मऊ राहतं. कपड्याच्या चुण्या, पागोट्याचे पेच, पट्ट्यांचे बंद अशी हातावर वेळ मागणारी कामं मी थंडीसाठी राखून ठेवतो.

सिनेमा बघताना मी आवाज बंद करतो. संवाद आणि संगीत मनाला आधीच सांगून टाकतात की कोणाकडे बघायचं. आवाज गेला की शरीरं दिसू लागतात. सेकंदाला चोवीस चौकटी असतात, आणि त्यातल्या बहुतेक फिगरसाठी निरुपयोगी. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याच्या ऐन बेतात असेल, ती चौकट हवी. त्या क्षणी थांबलेला माणूस थांबलेला वाटत नाही.

दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ २०२२ मध्ये आला, तेव्हा बाजीप्रभूंची फिगर करावीशी वाटणं साहजिक होतं. मी भोई केला. १६६० च्या जुलैत भर पावसात, रात्रीच्या अंधारात पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे शिवाजी महाराजांची पालखी निघाली. शत्रूला चकवायला दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसले आणि त्यांनी प्राण दिले. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी घोडखिंड, म्हणजे पुढची पावनखिंड, अडवली. हे सगळं घडलं ते कोणाच्या तरी खांद्यावरून. दांडा उजव्या खांद्यावर असला की धड डावीकडे झुकतं, मान दांड्यापासून दूर जाते, डावा हात तोलासाठी बाहेर येतो, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत. भोई ढांगा टाकत नाही, आखूड पावलं टाकतो. एवढं साधलं की ५४ मिलिमीटरमध्येही ओझं दिसतं. पाऊस दाखवायला पाणी लागत नाही. भिजलेलं धोतर मांडीला चिकटवायचं, रंग एक छटा गडद घ्यायचा आणि चमकणारं वॉर्निश फक्त खालच्या काठांना आणि पोटऱ्यांना लावायचं. खिंडीतलं धुकं मात्र आमच्या गावाने दिलं. इथल्या मार्केट यार्डात कापसाला तोटा नाही. त्याचा एक पुंजका विरळ पिंजून पायांशी ठेवला की झालं.

तंत्रासाठी मला लांब जावं लागलं नाही. आदिलाबादहून नागपूर-हैदराबाद रस्त्याने दक्षिणेला उतरलं की निर्मल लागतं. २०१६ पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. तिथले नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची खेळणी करतात. २००९ मध्ये या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. हात, पाय, धड वेगळे कोरायचे, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून जोड भरायचे, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि मग रंग. परदेशी पुस्तकांत फिगर जोडण्याचा जो क्रम असतो, तोच हा. सुटे भाग, जोड भरणं, पांढरा प्रायमर, रंग. जैनूर मंडलातल्या उशेगावचे ओझा कारागीर ढोकरा पद्धतीच्या धातूच्या मूर्ती घडवताना मेणाचे दोरे मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात. पट्टे आणि बंद मी तसेच करतो. एम-सीलचा दोरा वळायचा, ओला असतानाच अंगावर बसवायचा आणि सुईने दाबायचा. कोरून काढलेला पट्टा अंगाचाच भाग वाटतो, वरून बसवलेला पट्टा अंगावर घातलेला वाटतो.

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ चा, लडाखमध्ये चित्रित झालेला. तो कृष्णधवल आहे, आणि फिगर करणाऱ्याला त्याचा फायदाच होतो. रंग नसल्यामुळे थंडी शरीरातून दिसते. खांदे कानांकडे ओढलेले, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, चालताना पाऊल आधी चाचपून मग टाकलेलं. या सिनेमामागे १९६२ ची चीनशी झालेली लढाई आहे. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला रेझांग लाच्या सोळा हजार फुटांवर १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे १२० जण मेजर शैतान सिंह यांच्यासोबत लढले आणि ११४ जण कामी आले. पुढच्या वर्षी मृतदेह सापडले तेव्हा हत्यारं अजून हातात होती. नर्सिंगचं काम करणारे शिपाई धरमपाल दहिया यांच्या हातात सिरिंज आणि बँडेज होतं.

मी त्यांची फिगर केली ती जिवंतपणीची, जखमी जवानापाशी एका गुडघ्यावर वाकलेली. जवानांच्या हातातली .३०३ रायफल साडेचव्वेचाळीस इंच लांब, म्हणजे माझ्या मापात ३५ मिलिमीटर. ती त्या जखमी जवानाच्या बाजूला जमिनीवर ठेवली. सिरिंज सुईच्या टोकापेक्षा थोडी मोठी झाली. हे काम करताना श्वास रोखावा लागतो, आणि तेवढ्या वेळात दुसरा कसलाच विचार मनात राहत नाही. बर्फासाठी खाण्याचा सोडा वापरू नये, तो काही काळाने पिवळा पडतो. संगमरवराची बारीक भुकटी फेव्हिकॉलमध्ये मिसळली की टिकते.

‘बॉर्डर’ने १९९७ मध्ये लोंगेवालाची लढाई घराघरांत नेली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीप सिंह चांदपुरींच्या कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांना पहाटेपर्यंत थोपवलं, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. पडद्यावर बहुतेक साथीदार मरतात. प्रत्यक्षात आपले दोन जवान गेले. ठाण्याभोवतीच्या काटेरी तारेमुळे पुढे सुरुंग असतील या संशयाने शत्रू थबकला होता. तेव्हा फिगर करायची तर तारेचं भेंडोळं ओढणाऱ्या जवानाची करावी. लढाईत त्याच्या कामाचा वाटा किती मोठा होता, हे बघणाऱ्याला सांगता येतं.

सर्वांत जास्त विचार मला जोडेघाटच्या लढाईने करायला लावला. २०२२ मध्ये राजामौलींचा ‘आरआरआर’ आला, आणि इथली मुलं ज्युनिअर एनटीआरच्या रूपातला कोमरम भीम मागू लागली. तो सिनेमा स्वतःला कल्पित म्हणवतो, आणि त्याचं बळ अफाट आहे. पण त्यात भीमांसोबत दाखवलेले अल्लुरी सीताराम राजू १९२४ मध्ये मारले गेले आणि कोमरम भीमांची लढाई १९४० ची. आणि भीम आमच्याच डोंगरांतले. जंगल खात्याच्या बंदीने आणि करांनी गोंडांची शेती हिरावली जात होती, म्हणून ते उभे राहिले आणि जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी साथीदारांसह पडले. दरवर्षी कोजागिरीच्या पौर्णिमेला तिथे लोक जमतात आणि त्यांची आठवण जागवतात. ज्यांच्या घरी ही आठवण जिवंत आहे, त्यांच्यासमोर नटाचे दंड आणि छाती ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

आधार मिळाला तो छायाचित्रांचा. लढाईनंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी पाठवलं. ते मार्लवाईत राहिले, १९४८ मध्ये त्यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक आलं आणि त्यांनी काढलेली छायाचित्रं लंडनच्या सोॲस संस्थेत आहेत. त्यात धोतर कसं नेसलं आहे, पागोट्याचा शेव कुठे खोचला आहे, उन्हात उभं राहताना भार कोणत्या पायावर आहे, हे सगळं दिसतं. सिनेमातून मी एवढंच घेतलं की झेप घेण्याआधी पाठ कशी ताणली जाते. तो ताण मी भीमांच्या शेजारच्या माणसाला दिला. कुऱ्हाड खांद्यावर, शरीर सडपातळ, पायाची बोटं जमिनीत रुतलेली. भीमही तिथे आहेत, त्याच मापाचे.

शेवटी चेहरा. या मापात तो सात मिलिमीटरचा असतो आणि डोळा जेमतेम एक. रंगवण्याच्या पुस्तकांतलं अंग गुलाबी असतं, आपल्याला ते चालत नाही. मी बर्न्ट सिएना आणि येलो ओकरपासून सुरुवात करतो, सावलीत किंचित अल्ट्रामरीन घालतो. उजेडासाठी पांढरा नको, ओकरच वाढवायचा, नाहीतर त्वचेवर राख फासल्यासारखी दिसते. डोळ्याचा पांढराही शुभ्र घेऊ नये, शुभ्र डोळा घाबरलेला दिसतो. इतक्या लहान आकारावर खोलीतला उजेड पुरेशा सावल्या पाडत नाही, म्हणून भुवईखालची, नाकाखालची, हनुवटीखालची सावली रंगानेच बसवावी लागते. चेहरा ओळखीच्या नटासारखा होऊ लागला की मी थांबतो. घराशेजारी, बाजारात, बसमध्ये दिसलेलं एखादं नाक, एखादी दाढी आठवतो आणि ती त्याला देतो.

कोणी हे काम शिकायला आलं तर मी नायक करू नको म्हणत नाही. बाजीप्रभू करावेत, शैतान सिंह करावेत, भीम जरूर करावेत. फक्त त्यांच्या शेजारी, त्याच पायावर, त्याच मापाचा आणखी एक माणूस उभा करावा, आणि त्याच्या पट्ट्यावर, पागोट्यावर, डोळ्यांवर तितकाच वेळ द्यावा. सिनेमाला तो वेळ परवडत नाही. आपल्या हातात तो असतो, आणि तो अशा माणसासाठी खर्च करणं हे या कलेचं सर्वांत चांगलं काम आहे असं मी मानतो.